दगडाचे आयुष्य आणि माणसाचे स्मरण

मृतांचे स्मरण हे जिवंतांचे कर्तव्य आहे असे बहुतेक सर्व धर्म सांगतात. परंतु ते कर्तव्य नेमके कोणाप्रती असते, ते कशाने पूर्ण होते आणि काळाच्या अफाट विस्तारापुढे त्याला काही अर्थ उरतो का, हे प्रश्न प्रत्येक परंपरेला पुन्हा पुन्हा भेडसावत आले आहेत. श्राद्धात पिता, पितामह आणि प्रपितामह अशा तीन पिढ्यांचा नावानिशी उच्चार होतो, आणि त्यापलीकडचे पूर्वज नाव गमावून पितरांच्या समूहात मिसळतात. ख्रिस्ती दफनभूमीतल्या शिळेवरची अक्षरे शे-दोनशे वर्षांत झिजतात. भामरागडच्या जंगलातले माडिया लोक मृताच्या नावाने दगड उभा करतात, पण त्या दगडावर काहीच कोरत नाहीत. म्हणजे नाव टिकवण्याची धडपड करणाऱ्या परंपरांनाही नाव फार काळ टिकत नाही याची जाण असते. चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांत या प्रश्नाला विशेष धार येते, कारण येथील भूमीची स्वतःची स्मृती माणसाच्या सगळ्या इतिहासाहून हजारो पटींनी लांब आहे, आणि ती वाचणाऱ्या पहिल्या अभ्यासकांपैकी एकाचा अंत प्राचीन दफनस्थळे पाहून परतताना झाला.

या भूमीची स्मृती किती खोल आहे हे आधी पाहिले पाहिजे. उन्हाळ्यातल्या होरपळीसाठी ओळखल्या जाणाऱ्या चंद्रपूरजवळ, इरई गावाच्या परिसरातल्या नदीपात्रात, चुनखडीच्या जुन्या खडकावर समांतर ओरखडे आढळतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागातील फ्रान्सिस फेडन यांनी 1875 मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. सरकत्या हिमनदीच्या तळाशी रुतलेले दगड खालच्या खडकावर घासले गेल्यामुळे असे ओरखडे उठतात. म्हणजे सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वी हा प्रदेश बर्फाखाली होता. बर्फ ओसरल्यावर येथे दलदली आणि अरण्ये वाढली, त्यांचा गाळ दबून घुग्घुस, बल्लारपूर आणि राजुरा भागातला कोळसा तयार झाला. प्राणहिता नदीच्या पलीकडे, आज तेलंगणात असलेल्या मालेरी गावाजवळच्या तांबड्या मातीत 22 कोटी वर्षांच्या आसपासचे सरपटणारे प्राणी सापडतात, तर सिरोंचाजवळच्या कोटा गावाचे नाव मिळालेल्या, त्याहून काही कोटी वर्षांनी तरुण असलेल्या थरांत मासे आणि डायनासोर सापडतात. या सर्व थरांच्या मालिकेला भूविज्ञानात गोंडवाना संघ म्हणतात. दक्षिण अमेरिका, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका यांना एकेकाळी भारताशी जोडणारे महाखंडही त्याच नावाने ओळखले जाते, आणि ते नाव गोंडांच्या देशावरून आलेले आहे.

हे थर वाचण्याच्या कामाला ज्यांनी आरंभीची दिशा दिली त्यांत स्टीफन हिस्लॉप यांचे स्थान वरचे आहे. त्यांचा जन्म 8 सप्टेंबर 1817 रोजी स्कॉटलंडमधील डन्स या गावी झाला आणि 1845 मध्ये ते फ्री चर्च या प्रॉटेस्टंट पंथाचे मिशनरी म्हणून नागपुरास आले. त्या काळी तेथे भोसल्यांचे राज्य होते. धर्मप्रसार आणि शाळा चालवणे हे त्यांचे नेमलेले काम होते. भूविज्ञान हे त्यांनी दौऱ्यांच्या वाटेवर, खेड्यापाड्यांतून जाता-येता, आवडीने केलेले काम होते. तरीही नागपूरच्या परिसरातील भूरचना आणि जीवाश्म यांवरचा जो निबंध त्यांनी रॉबर्ट हंटर या सहकाऱ्यासह लिहिला आणि जो 1855 मध्ये लंडनच्या भूविज्ञान संस्थेच्या त्रैमासिकात छापला गेला, तो मध्य भारताच्या भूविज्ञानाचा पायाभूत दस्तऐवज ठरला. जीवाश्म म्हणजे खडकात टिकून राहिलेला प्राचीन जीवाचा अवशेष किंवा ठसा. हिस्लॉप यांनी कामठीच्या वालुकाश्मातील वनस्पतींचे ठसे, नागपूरजवळच्या टाकळीतील गोड्या पाण्याच्या शंख-शिंपल्यांचे अवशेष आणि वर्धा खोऱ्यातल्या मांगली येथील एका उभयचराची कवटी अशा नमुन्यांकडे युरोपातील तज्ज्ञांचे लक्ष वेधले. मांगलीच्या कवटीचे वर्णन रिचर्ड ओवेन यांनी केले. पुढे टॉमस हक्सले यांनी दाखवून दिले की मालेरीच्या मातीत सापडणारा, चोचीसारख्या जबड्याचा हायपरोडॅपेडॉन हा शाकाहारी सरपटणारा प्राणी ज्या कुळातला आहे, त्याच कुळाचे अवशेष स्कॉटलंडमधील एल्गिनच्या खडकांतही आहेत. हिस्लॉप यांची जन्मभूमी आणि कर्मभूमी यांच्यात समुद्रांचे अंतर होते, पण त्या प्राण्याच्या काळात दोन्ही भूभाग एकाच विशाल खंडाचे भाग होते.

4 सप्टेंबर 1863 रोजी हिस्लॉप मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांच्यासह नागपूरच्या दक्षिणेस टाकळघाट येथील शिळावर्तुळे पाहण्यास गेले होते. शिळावर्तुळ म्हणजे मृताच्या अस्थी आणि वस्तू पुरलेल्या जागेभोवती मोठ्या दगडांची केलेली वर्तुळाकार मांडणी; विदर्भात अशी हजारो वर्तुळे आहेत. परतीच्या वाटेवर गावची शाळा तपासण्यासाठी हिस्लॉप मागे राहिले, एकटेच घोड्यावरून निघाले आणि अंधारात पुराने फुगलेल्या नाल्यात बुडाले. वयाची 46 वर्षे पुरी होण्यास चार दिवस उरले होते. पुढे शंभरहून अधिक वर्षांनी शां. भा. देव यांच्या नेतृत्वाखाली नागपूर विद्यापीठाने टाकळघाट आणि खापा येथे उत्खनन केले, आणि ती वर्तुळे इसवी सनापूर्वीच्या लोहयुगीन लोकांची आहेत हे सप्रमाण मांडले गेले. त्या कबरींतील मृतांची भाषा, देव किंवा नावे यांपैकी काहीही हाती लागलेले नाही; मात्र त्यांच्या आप्तांनी अवजड दगड ओढून आणून मांडण्याचे कष्ट घेतले, ही एक गोष्ट निश्चितपणे कळते.

येथूनच मूळ तात्त्विक प्रश्न उभा राहतो. 30 कोटी वर्षांच्या मोजपट्टीवर 45 वर्षांचे आयुष्य दिसतसुद्धा नाही. मग ते आठवण्यात काय अर्थ आहे? एकोणिसाव्या शतकातील ख्रिस्ती विचारविश्वाला हा प्रश्न फार बोचत होता. आर्चबिशप अशर यांनी बायबलमधील वंशावळींवरून सृष्टीची उत्पत्ती इसवी सनापूर्वी 4004 मध्ये झाल्याचे गणित मांडले होते, आणि भूविज्ञानाने ते पूर्ण कोसळवले. फ्री चर्चचे पहिले प्रमुख टॉमस चाल्मर्स यांनी यातून एक वाट काढली होती: बायबलमधील पहिले वाक्य आणि त्यानंतरची सहा दिवसांची निर्मितीकथा यांच्यामध्ये अमर्याद काळ जाऊ शकतो, असे ते मानत. त्याच पंथाचे ह्यू मिलर हे तर स्वतः नामवंत भूवैज्ञानिक होते. म्हणजे हिस्लॉप ज्या परंपरेत वाढले तिने खडकांचा दीर्घ काळ आणि ईश्वरावरील श्रद्धा यांना एकत्र नांदू देण्याची तयारी दाखवली होती. भारतीय परंपरेला मोठ्या काळाचे भय कमी होते. ब्रह्मदेवाचा एक दिवस म्हणजे कल्प, आणि तो पुराणगणनेनुसार 432 कोटी वर्षांचा. पृथ्वीचे आजचे मान्य वय सुमारे 454 कोटी वर्षे आहे. या दोन आकड्यांची जवळीक पाहून पुराणकारांना भूविज्ञान माहीत होते असा दावा करणे मात्र अयोग्य आहे, कारण एक आकडा युगकल्पनेच्या गुणाकारातून आला आहे आणि दुसरा किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या क्षयाच्या मोजमापातून. पुराणांकडून घेण्यासारखे आहे ते वेगळेच: अफाट काळाची कल्पना बाळगूनही त्या परंपरेने रोजचे तर्पण निरर्थक ठरवले नाही.

याचे कारण उघड आहे. एखाद्या गोष्टीची लांबी आणि तिचे मोल या दोन स्वतंत्र बाबी आहेत. काळ मोजता येतो म्हणून तो मोलाचे माप होत नाही. क्षणभर दाखवलेली करुणा लांबत गेलेल्या क्रौर्यापुढे क्षुद्र ठरत नाही. शिवाय काळाचा हा विस्तार ज्याला कळतो तो माणूसच असतो. हिमनदीने खडकावर ओरखडा उमटवला, पण हिमनदीला त्याचा अर्थ माहीत नव्हता. तो अर्थ लागण्यासाठी कोणीतरी त्या पात्रात उतरून, वाकून, तुलना करून पाहावे लागले. दीर्घ काळामुळे माणूस लहान होतो हे जितके खरे, तितकेच माणसाच्या जाणिवेवाचून तो काळ अबोल राहतो हेही खरे. म्हणून भूवैज्ञानिकाचे स्मरण करताना भूविज्ञानाचाच आधार घेऊन त्या स्मरणाला व्यर्थ म्हणणे हा तर्कदोष आहे.

तरी स्मरण कशाने पूर्ण होते हा प्रश्न उरतोच. वैदिक परंपरेतील ऋणत्रयाची कल्पना येथे उपयोगी पडते. माणूस जन्मतःच तीन ऋणे घेऊन येतो असे ती सांगते: यज्ञाने फेडायचे देवऋण, संततीने फेडायचे पितृऋण आणि अध्ययनाने फेडायचे ऋषिऋण. यांतील तिसरे ऋण लक्षणीय आहे, कारण त्यासाठी रक्ताचे नाते लागत नाही. ज्याने काही पाहिले, समजून घेतले आणि पुढच्यांसाठी ठेवले, तो कोणत्याही देशाचा वा धर्माचा असो, त्याचे ऋण शिकणाऱ्यावर चढते आणि ते पुष्पहाराने फिटत नाही. ते अभ्यास पुढे नेऊनच फिटते. विज्ञानाला ही रीत स्वतःच्या मार्गाने सापडलेली आहे. मालेरीच्या थरांतील मगरीसारख्या दिसणाऱ्या एका प्राण्याला 1885 मध्ये रिचर्ड लायडेकर यांनी पॅरासुकस हिस्लॉपी असे नाव दिले. पुढे असे लक्षात आले की ज्या हाडांवरून हे नाव दिले गेले ती पुरेशी नव्हती आणि त्यांत दुसऱ्याच प्राण्याचा अंश मिसळला होता. तेव्हा शास्त्रज्ञांनी नाव टाकून दिले नाही. भारतीय संशोधकांना मिळालेल्या अधिक पूर्ण सांगाड्याला ते 2003 मध्ये आंतरराष्ट्रीय नियमांनुसार रीतसर जोडले गेले. चूक दुरुस्त झाली आणि स्मरणही टिकले. ऋषिऋण फेडण्याचा याहून स्पष्ट नमुना मिळणे कठीण आहे: पूर्वसूरींचे जे चुकले ते सुधारावे, आणि त्यांनी जे सुरू केले ते चालू ठेवावे.

गोंड आणि माडिया समाजांची मृत्युविषयक समज या चर्चेत आणखी एक महत्त्वाची भर घालते. कोया पुनेम या गोंडी धर्मपरंपरेत पेन म्हणजे कुळाची पूज्य शक्ती. तिच्यात देव आणि पूर्वज यांच्यामध्ये पक्की भिंत नसते, आणि मृताला कुळाच्या पेनमध्ये सामावून घेण्याचे विधी असतात. माडियांचा दगड हा या समावेशाचा साक्षी असतो. तो उभारण्यात नातलगांचा आणि गावाचा सहभाग असतो, त्यामुळे मृत्यू ही एका घराची खासगी हानी न राहता सामुदायिक जबाबदारी होते. चामोर्शी आणि हिरापूर येथील प्राचीन शिलास्मारके आणि आजचे माडिया स्मृतिदगड यांच्यात अखंड वंशपरंपरा होती असे सिद्ध झालेले नाही; परंतु मृतासाठी दगड उभारण्याची प्रेरणा या प्रदेशात फार जुनी आहे आणि ती अजून जिवंत आहे, इतके निःसंशय म्हणता येते. भूवैज्ञानिक दगडात नाव नसलेला काळ वाचतो आणि माडिया माणूस दगडाला आपल्या माणसाची जागा देतो. या दोन्ही कृतींमागची धारणा एकच आहे: दगड ही निव्वळ विकाऊ वस्तू नाही, तो साक्ष देतो.

हिस्लॉप यांनी ही दुसरी साक्षही ऐकली होती. परधान हे गोंडांचे परंपरागत गायक आणि वंशकथांचे जतन करणारे लोक. त्यांच्याकडून हिस्लॉप यांनी लिंगोची दीर्घ गाथा मूळ गोंडीत टिपून घेतली. पहांदी पारी कुपार लिंगो हा गोंड धर्माचा आद्य उपदेशक मानला जातो. गुहेत कोंडलेल्या गोंडांच्या पूर्वजांची त्याने सुटका केली आणि त्यांना सगांमध्ये, म्हणजे विवाहसंबंध ठरवणाऱ्या कुळगटांमध्ये, विभागले अशी कथा आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या कचारगडच्या गुहांशी ही कथा जोडली जाते आणि माघ पौर्णिमेला तेथे आजही मोठी यात्रा भरते. हिस्लॉप यांच्या मृत्यूनंतर टेंपल यांनी 1866 मध्ये मध्य प्रांतातील आदिम जमातींविषयीची त्यांची टिपणे प्रसिद्ध केली, आणि लिंगोची गाथा प्रथमच छापील रूपात आली.

येथे एक गंभीर आक्षेप येतो आणि त्याला बगल देणे अप्रामाणिकपणाचे होईल. हिस्लॉप हे धर्मांतर घडवण्यासाठी आलेले मिशनरी होते, ज्या श्रद्धांची नोंद त्यांनी घेतली त्यांच्या जागी स्वतःची श्रद्धा यावी अशी त्यांची इच्छा होती, आणि त्यांनी जमवलेले ज्ञान ज्या राजवटीच्या हाती गेले तिने याच प्रदेशावर शस्त्रबळाने ताबा पक्का केला. 1858 मध्ये मोलमपल्लीचे तरुण जमीनदार बाबुराव पुल्लेसूर शेडमाके यांनी गोंड आणि इतर स्थानिक लोकांची फौज उभारून इंग्रजांशी युद्ध केले, आणि 21 ऑक्टोबर 1858 रोजी वयाच्या 25 व्या वर्षी त्यांना चांद्यास, म्हणजे आजच्या चंद्रपुरास, फाशी देण्यात आली. दरवर्षी त्या दिवशी चंद्रपूरच्या कारागृह परिसरातील स्मारकापाशी लोक जमतात. मग ज्या मातीने शेडमाके यांना वीर मानले त्याच मातीने हिस्लॉप यांनाही आठवावे, हे न्याय्य आहे का?

याचे उत्तर स्मरण आणि गौरव यांतील भेदात आहे. गौरवात संपूर्ण व्यक्तीला मान्यता दिली जाते. स्मरणात सत्य सांगितले जाते. शेडमाके यांचे ऋण हे पितृऋणाच्या जातीचे आहे: त्यांनी भूमी आणि स्वातंत्र्य यांसाठी प्राण दिला, म्हणून त्या भूमीवर मानाने जगणे हीच त्यांची परतफेड. हिस्लॉप यांचे ऋण ऋषिऋणाच्या जातीचे आहे: त्यांनी त्या भूमीचा आणि तिच्या लोकांच्या कथेचा लेख ठेवला, म्हणून तो लेख चिकित्सेने वाचणे हीच त्यांची परतफेड. दोन ऋणे भिन्न आहेत आणि एक मान्य केल्याने दुसरे रद्द होत नाही. उलट ऋषिऋण प्रामाणिकपणे मोजू गेल्यास ते एकट्या हिस्लॉप यांच्या खात्यावर मांडता येत नाही. ज्या परधानांनी रात्ररात्र गाऊन गाथा सांगितली, ज्या गावकऱ्यांनी कोणत्या ओढ्यात कसला दगड सापडतो हे दाखवले, ज्यांनी तो फोडला आणि वाहून नेला, ते सर्व या ज्ञानाचे सहकर्ते आहेत. एका नावाचा उच्चार करताना त्यामागच्या अनामिकांची जाणीव ठेवणे हा स्मरणाचा धर्मच आहे. श्राद्धविधीतही नावगोत्र ज्ञात नसलेल्यांसाठी पाणी सोडले जाते.

आज या विचाराला व्यावहारिक निकड आली आहे. ज्या थरांचा अभ्यास ज्ञानासाठी सुरू झाला त्यांचेच उत्खनन आता ऊर्जेसाठी आणि पोलादासाठी होत आहे. चंद्रपूरच्या कोळशावर दुर्गापूरचे औष्णिक वीजकेंद्र चालते, आणि एटापल्ली तालुक्यातल्या सूरजागड डोंगरावर लोहखनिजाची मोठी खाण सुरू आहे. तेथील लोहखनिज आर्कियन या पृथ्वीच्या अतिप्राचीन कालखंडातले असून त्यापुढे गोंडवानाचा कोळसाही कालचा वाटतो; आणि तोच डोंगर ठाकूरदेवाचे स्थान आहे, जेथे परिसरातल्या गावांची यात्रा भरत आली आहे. भूविज्ञानाच्या दृष्टीने तो साठा आहे, श्रद्धेच्या दृष्टीने ते दैवत आहे. या दोन दृष्टी एकमेकींच्या शत्रू असल्याच पाहिजेत असे नाही, परंतु पहिलीला अधिकार आणि दुसरीला केवळ भावना असे वाटप केले की अन्याय सुरू होतो. लोखंड आणि वीज समाजाला हवी आहे हे नाकारता येत नाही. पण तयार व्हायला कोट्यवधी वर्षे लागलेली आणि पिढ्यान्‌पिढ्या पूजलेली वस्तू खर्च करण्याचा निर्णय काही दशकांच्या हिशेबाने आणि तिच्याजवळ राहणाऱ्यांच्या संमतीवाचून घेतला जाऊ नये, इतके तर ऋणाची कोणतीही कल्पना मानणाऱ्याने मान्य केले पाहिजे. याच गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाने 2009 मध्ये आपल्या जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवून, ग्रामसभा हा निर्णय विचारपूर्वक घेऊ शकते हे दाखवून दिले आहे.

यावरून निष्कर्ष असा निघतो की मृत अभ्यासकाचे खरे स्मरण म्हणजे त्याने ज्याकडे लक्ष दिले त्याची जबाबदारी उचलणे. हिस्लॉप यांच्या बाबतीत त्याचा अर्थ ठोस आहे. सिरोंचा तालुक्यातल्या वडधम येथील जीवाश्म उद्यानात ठेवलेली अश्मीभूत झाडे, इरईचे हिमनदीचे ओरखडे आणि रानावनांतली शिळावर्तुळे यांचे जतन झाले पाहिजे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या शाळांत मुलांना आपल्या पायाखालचा इतिहास आपल्या भाषेत शिकायला मिळाला पाहिजे. लिंगोची गाथा शुद्ध पाठासह आणि परधान गायकांच्या श्रेयासह गोंडी वाचकांच्या हाती परत गेली पाहिजे. आणि ज्या डोंगरांना लोक देव मानतात त्यांच्याविषयीचे निर्णय ग्रामसभांना डावलून होता कामा नयेत. यांतले काहीही केले नाही आणि नागपुरात 1883 मध्ये त्यांच्या नावाने स्थापन झालेल्या महाविद्यालयाच्या फलकावर नाव तेवढे राहिले, तर ते स्मरण अपुरे आहे. ज्ञान देऊन गेलेल्यांचे ऋण ज्ञानाची काळजी घेऊनच फिटते, आणि या दोन जिल्ह्यांत ते फेडण्याचे काम बहुतांशी अजून बाकी आहे.